मु. पो. डेथ व्हॅली

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कचं क्षेत्रफळ साधारण 13,700 चौरस किलोमीटर. त्यात अख्खा गोवा तीनदा मावेल आणि उरलेल्या जागेत निम्मा सिंधुदुर्ग बसेल. एवढ्या मुलखात पलंग, नळ आणि दाराला किल्ली असलेली हॉटेलं मात्र चारच. वर्षाकाठी दहा लाखांहून जास्त माणसं इथे येतात. त्यामुळे काय पाहायचं याची चिंता कुणी करत नाही. वाळूच्या टेकड्या आणि मिठाची मैदानं हजारो वर्षं तिथेच आहेत, नाताळपर्यंत कुठे जात नाहीत. जाते ती खोली.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मराठी घरांतून ही सहल हमखास निघते. योसेमिटी झालेलं असतं, ग्रँड कॅन्यन झालेलं असतं, लास व्हेगास दोनदा झालेलं असतं आणि त्यातलं एकदाच सांगितलेलं असतं. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात. डिसेंबरात शाळांना सुट्टी लागते, बर्फ कुणालाच नको असतो. मग कुणीतरी वाळवंटाचं नाव काढतं, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप तयार होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर एक्सेलची शीट येऊन पडते. तिचे रकाने पाहण्यासारखे असतात: भाडं, ब्रेकफास्ट फुकट की विकत, मायक्रोवेव्ह आहे का, फ्रीज आहे का, वाय-फाय आहे का, पूल गरम पाण्याचा आहे का. वाळवंट हा रकाना कुठेच नसतो. आठ-नऊ तास गाडी हाकून जे पाहायला जायचं, ते खोलीत शिरणार नाही याची मात्र पक्की तजवीज केलेली असते.

याला मराठी स्वभाव म्हणून चालणार नाही. डेथ व्हॅलीतल्या मुक्कामाचा सगळा इतिहासच असा आहे.

इथे राहून गेलेल्या पहिल्या गोऱ्या पाहुण्यांनी तर बुकिंगच केलं नव्हतं. 1849 च्या डिसेंबरात सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेले काही तांडे शॉर्टकटच्या नादाने या खोऱ्यात उतरले आणि अडकले. त्यातल्या एका तांड्यातले विल्यम मॅन्ली आणि जॉन रॉजर्स हे दोघे तरुण मदत आणायला पायी निघाले. चारशे किलोमीटरच्या आसपास चालून गेले, तेवढेच चालून परत आले. त्यांना 26 दिवस लागले. मागे राहिलेल्यांनी तोवर आपलेच बैल खाऊन दिवस काढले. खोऱ्यात मेला तो एकच जण, पण सुटका झालेल्यांनी जाताना खोऱ्याला नाव ठेवलं ते ठेवलंच.

त्यानंतर मुक्कामाचं गणित मांडलं ते खच्चरांनी. 1883 ते 1889 या काळात इथल्या हार्मनी कारखान्यातून बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, 265 किलोमीटरवरच्या मोहावी रेल्वे स्टेशनपर्यंत जायचा. वीस जनावरांचा ताफा असे. त्यात खच्चरं अठरा आणि दोन घोडे. मागे मालाच्या दोन अवाढव्य गाड्या आणि साडेचार हजार लिटर पाण्याची टाकी. एका बाजूचा प्रवास दहा दिवसांचा. खच्चरं जिथे थांबतील तिथे मुक्काम, त्यात मतदान नाही. उन्हाळ्यात तर कारखानाच बंद ठेवावा लागे, कारण त्या उष्णतेत द्रावण थंड होत नसे आणि टाकणखाराचे खडेच धरत नसत. जिथे रसायनसुद्धा उन्हाळ्यात काम करायला राजी नव्हतं, तिथे आज जुलैत युरोपातले पर्यटक हौसेने खोल्या घेतात.

हा हौसेचा धंदा उभा केला तोही टाकणखाराच्याच कंपनीने. पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीला दुसरीकडे जास्त सोयीची खाण सापडली आणि इथल्या छोट्या रेल्वेला न्यायला माल उरेना. तेव्हा माल नाही तर माणसं नेऊ, असा विचार करून कंपनीने फर्नेस क्रीकच्या चढावर हॉटेल बांधलं. 1 फेब्रुवारी 1927 ला ते सुरू झालं. हेच आजचं 'द इन अ‍ॅट डेथ व्हॅली'. रेल्वे पुढे चार-पाच वर्षंही टिकली नाही, हॉटेल टिकलं. दगडी कमानी, ताडा-खजुरांची बाग, आणि झऱ्याच्या कोमट पाण्याने भरलेला पूल. गच्चीवर बसलं की समोर मिठाचं मैदान आणि त्यापलीकडे पॅनामिंट पर्वत. सीझनमध्ये एका रात्रीचे चारशे-पाचशे डॉलर सहज जातात. शीटमध्ये ही ओळ सगळ्यात वर असते, कारण ती आधी खोडायची असते. खोडताना कुणीतरी 'फक्त चहा प्यायला तरी जाऊ या' असं लिहितो आणि त्याला सहा अंगठे मिळतात.

तिथून खाली उतरलं की दुसरं ठिकाण, 'द रँच'. मराठी कुटुंबांचं एकमत बहुधा इथे होतं. सगळं हाताशी: दुकान, पोस्ट, पेट्रोल पंप, पूल आणि गोल्फचं मैदान. हे मैदान समुद्रसपाटीच्या सुमारे 65 मीटर खाली आहे, म्हणजे इथे मारलेला चेंडू कितीही उंच गेला तरी बहुधा समुद्राच्या पातळीखालीच राहतो. भाडं इनपेक्षा बरंच कमी, तरी आई-बाबांना डॉलरचे रुपये करून सांगू नये इतकं.

जागेची खरी कीर्ती मात्र बुकिंगच्या फोटोत दिसत नाही. रँच पूर्वी ग्रीनलँड रँच होती. कंपनीच्या खच्चरांसाठी इथे गवत पिकवलं जायचं आणि इथेच एक तापमापक होता. त्यावर 10 जुलै 1913 ला 56.7 अंश सेल्सिअसची नोंद झाली. पृथ्वीवर हवेचं याहून जास्त तापमान आजवर अधिकृतपणे नोंदलं गेलेलं नाही. काही हवामान-अभ्यासकांना ती नोंद संशयास्पद वाटते, पण जागतिक हवामान संघटनेच्या दप्तरी ती कायम आहे. अलीकडचा जुलै 2024 तर रात्र आणि दिवस धरून सरासरी 42.5 अंशांचा होता.

हे ऐकून शीटमधले बाकीचे दचकतात. बाबा दचकत नाहीत. बाबा चंद्रपूरचे असतात.

"मे महिन्यात आमच्याकडे 47 च्या वर जातं," ते शांतपणे सांगतात. "डेझर्ट कूलर लावायचा आणि झोपायचं. त्यासाठी कुणी तीनशे डॉलर घेत नाही."

तिसरं ठिकाण स्टोव्हपाइप वेल्स, रँचपासून चाळीस किलोमीटरवर. ते जिथे आहे तिथे का आहे, याचं कारण मराठी माणसाला पटकन पटेल. बॉब आइशबाउम नावाच्या गृहस्थाला वाळूच्या टेकड्यांना लागून रिसॉर्ट काढायचं होतं. लाकूडसामान घेऊन निघालेले ट्रक त्या टेकड्यांच्या अलीकडेच वाळूत रुतले. पुढे सरकेनात, मागे येईनात. शेवटी त्याने सामान तिथेच उतरवलं आणि तिथेच बांधायला घेतलं. वास्तुशास्त्राचा सल्ला घेण्यापेक्षा हे स्वस्तात झालं. 1926 च्या नोव्हेंबरात ते उघडलं. तिथवर यायला त्याने आधीच एक रस्ता करून ठेवला होता आणि त्यावर टोल बसवला होता: गाडीमागे दोन डॉलर, वर माणशी पन्नास सेंट. म्हणजे या खोऱ्यातलं पर्यटन टोलनाक्यापासूनच सुरू झालं.

स्टोव्हपाइपची खोली साधी, पण सूर्य उगवताना टेकड्यांवर पोचायचं असेल तर हीच जागा. गाडीने पाच मिनिटं. त्या वेळी वाळू गार असते आणि रात्रीच्या उंदरा-किड्यांच्या पाऊलवाटा अजून पुसल्या गेलेल्या नसतात. उन्हाळ्यातल्या दुपारी याच वाळूवर काय होतं ते 2024 च्या जुलैत एका बेल्जियन पर्यटकाने अनुभवलं. चपला हरवल्या, पावलं भाजली, आणि हवा इतकी तापून विरळ झालेली की हेलिकॉप्टरला तिथे उतरता येईना. त्याला आधी गाडीने उंचावर न्यावं लागलं. 'चपला बाहेर काढून या' ही मराठी घरातली सूचना इथे चालत नाही.

चौथं पॅनामिंट स्प्रिंग्ज, पार्काच्या पश्चिम अंगाला. तिथून टेकड्यांपर्यंत पाऊण तास, मिठाच्या मैदानातल्या बॅडवॉटरपर्यंत दीड तासाहून जास्त. वीज स्वतःच्या जनरेटरची, बिअरची यादी मात्र भलीमोठी. शीट तयार करणारा तरुण या ओळीला हिरवा रंग देतो, त्याची बायको लाल.

चारही ठिकाणं भरली, आणि सप्टेंबरपर्यंत 'बघू, ठरवू' चाललं असेल तर ती भरलेलीच असतात, की मग पार्काबाहेरची गावं. नेव्हाडातलं बीटी त्यातलं लाडकं. मोटेल शंभरेक डॉलरमध्ये, पेट्रोल स्वस्त, आणि गावातून गाढवं निवांत फिरत असतात. खाणवाल्यांनी सोडून दिलेल्या गाढवांची ही वंशावळ. गाव त्यांना हटकत नाही, तीही गावाला हटकत नाहीत. जवळच रायोलाइट हे उजाड गाव आहे. सोन्याच्या तेजीत तिथे बँका, रेल्वे स्टेशन, तीन मजली इमारती उभ्या राहिल्या आणि दहा-बारा वर्षांत सगळं ओस पडलं.

बाहेर राहण्यातली बचत शीटमध्ये ठळक दिसते. खर्च दिसत नाही, कारण तो पहाटे होतो. डिसेंबरात झाब्रिस्की पॉइंटवर सूर्योदय पाहायचा तर सव्वासहाला तिथे हवं. रँचवरून दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे सहाला निघालं तरी चालतं. बीटीहून पाचला निघावं लागतं. लास व्हेगासहून, जिथे कॅसिनोवाले खोली निम्म्या भावात देतात, पावणेचारला. आणि हे झालं गाडी निघण्याचं. निघण्याआधी दोन आंघोळी, एक पूजा, गोळ्यांची डबी, थर्मास शोधणं आणि तो भरणं असतं. आई चहाशिवाय निघत नाहीत, बाबा पोट साफ झाल्याशिवाय निघत नाहीत. या हिशेबाने व्हेगासहून सूर्योदय गाठायचा तर आदल्या दिवशीच निघायला हवं, आणि मग खोली घेतलीच कशाला, असा प्रश्न उरतो.

चहावरून मायक्रोवेव्हच्या रकान्याकडे यायला हवं. पार्कात जेवण महाग, शाकाहारी जेवण महाग आणि सॅलड. म्हणून डिकीत राइस कुकर, इंडक्शन, मेतकूट, गुळपोळ्या आणि थालीपिठाची भाजणी असते. खोलीत चूल पेटवायला मनाई असल्याची पाटी सगळ्या मोटेलांत असते, पण मराठी माणूस इंडक्शनला चूल मानत नाही. मूगडाळीच्या खिचडीवर फोडणी पडते, मोहरी तडतडते, हिंग पडतो, आणि छताला चिकटवलेला स्मोक अलार्म आयुष्यात प्रथमच हिंग हुंगून किंचाळू लागतो. मग मुलगा खुर्चीवर उभा राहून टॉवेलने वारा घालतो, सून दार उघडते, बाबा 'मी सांगितलं होतं' म्हणतात, आणि आई त्या सगळ्यात पापड भाजून घेतात.

पूर्वेच्या बाजूला, रँचपासून पन्नासेक किलोमीटरवर, डेथ व्हॅली जंक्शन आहे. वस्ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. न्यूयॉर्कची नर्तकी मार्टा बेकेट 1967 मध्ये सुट्टीवर आली असताना तिच्या गाडीचं टायर इथे पंक्चर झालं. टायर दुरुस्त होईपर्यंत ती भटकत राहिली आणि टाकणखाराच्याच कंपनीने कधीकाळी बांधलेलं, आता ओसाड पडलेलं सभागृह तिला दिसलं. महिना 45 डॉलर भाड्याने तिने ते घेतलं आणि 1968 च्या फेब्रुवारीत पहिला प्रयोग लावला. प्रेक्षक बारा. मराठी नाटकवाल्याने अशा वेळी प्रयोग रद्द केला असता किंवा पासेस वाटले असते. मार्टाबाईंनी कुंचला घेतला आणि चार वर्षं खपून भिंतींवर प्रेक्षकच रंगवून काढले: राजा-राणी, जोगिणी, जिप्सी, सज्जे भरभरून. त्यानंतर तिकीट एकही न खपता प्रयोग हाउसफुल्ल. ऐंशी उलटून गेल्यावरही त्या तिथे काम करत होत्या. 2017 मध्ये त्या वारल्या. त्याच जुन्या इमारतीत हॉटेलही आहे. पंक्चरमुळे घडलेला मुक्काम इतका लांबल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

लांबलेल्या मुक्कामात त्यांच्याशी स्पर्धा करू शकेल तो वॉल्टर स्कॉट, म्हणजे 'डेथ व्हॅली स्कॉटी'. आपल्याकडे सोन्याची गुप्त खाण आहे असं सांगून त्याने अनेकांना टोपी घातली. त्यातले शिकागोचे विमा-धनिक अल्बर्ट जॉन्सन यांना खाण नसल्याचं कळून चुकलं, तरी गडी आवडला म्हणून त्यांनी मैत्री ठेवली आणि खोऱ्याच्या उत्तरेला स्पॅनिश थाटाचा वाडा बांधला. लोक त्याला स्कॉटीचा किल्ला म्हणू लागले, जॉन्सन यांनीही म्हणू दिलं. काम ऐन भरात असताना उघडकीला आलं की सर्वेक्षणातल्या चुकीमुळे वाडा भलत्याच जमिनीवर उभा आहे. लाखो डॉलर घातले, सात-बारा पाहिलाच नव्हता. बांधकाम थांबलं, पुढे खास कायदा करून जमीन त्यांना विकत घेता आली. 2015 च्या ऑक्टोबरात पूर आला, वाड्याचं आणि रस्त्याचं जबर नुकसान झालं आणि पर्यटकांना दारं बंद झाली. वर्षाला जेमतेम पाच सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात वाडा पुराने जावा, यात खोऱ्याचा स्वभाव दिसतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये तर एका दिवसात वर्षाचा पाऊस पडला, पार्क दोन महिने बंद राहिलं आणि मिठाच्या मैदानात तळं साचलं. पुढच्या फेब्रुवारीत लोक तिथे कयाक चालवत होते.

फुकटात राहायचं तर आडरानात जुन्या खाणकामगारांच्या झोपड्या आहेत. आधी येईल त्याची. आत कुणी असेल तर बाहेर झेंडा चढवण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. उंदरांच्या लेंड्यांतून हंटाव्हायरस पसरतो, असा इशारा पार्क देतं. याच भागातल्या बार्कर रँचमध्ये 1969 च्या ऑक्टोबरात चार्ल्स मॅन्सन हा कुप्रसिद्ध गुन्हेगार सापडला. तो न्हाणीघरातल्या बेसिनखालच्या कपाटात दडून बसला होता. त्या वर्षी पार्कात याहून लहान खोली कुणी घेतली नसावी.

तंबूवाल्यांची जात वेगळी. फर्नेस क्रीकचं कॅम्पग्राउंड समुद्रसपाटीच्या 60 मीटर खाली आणि महॉगनी फ्लॅटचं जवळपास 2,500 मीटर उंचावर, दोन्ही एकाच पार्कात. उन्हाळ्यात खालून वर गेलं की पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो. ही गोष्ट एक्सेलमध्ये कुणी मांडत नाही, पण इथल्या मूळच्या टिंबिशा शोशोनी लोकांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. हिवाळ्यात खोऱ्यात झऱ्याकाठी, उन्हाळ्यात डोंगरावर. या मुलखात कुठे आणि कधी राहावं, याचं त्यांच्याइतकं पक्कं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

1933 मध्ये सरकारने हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला, तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांना फर्नेस क्रीकजवळ मातीच्या घरांची एक वसाहत देण्यात आली. पुढे 1950 च्या दशकात ते उन्हाळ्यासाठी डोंगरावर गेले की रिकाम्या घरांवर पाण्याचे फवारे मारून पार्काचे लोक घरं विरघळवून टाकत. हॉटेलात चेक-आउटनंतर खोली साफ करतात तशी. तरीही काही जण हटले नाहीत. 2000 साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून त्यांना जमीन परत दिली, त्यात फर्नेस क्रीकचे 314 एकर आले. आजही त्यांची वस्ती रँचच्या शेजारीच आहे. गोल्फचं मैदान ओलांडलं की दिसते, पण बुकिंगच्या कुठल्याच फोटोत येत नाही.

मराठी शीटवर तोवर निकाल लागलेला असतो: दोन रात्री रँच, एक बीटी. फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरबाहेर तापमान दाखवणारा मोठा फलक आहे. जुलैत त्याच्यासमोर लोक फरचे कोट घालून फोटो काढतात. डिसेंबरातल्या दुपारी तीन वाजता बाबा त्याच्यासमोर स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून उभे राहतात. फलकावर 18 अंश. जगातल्या सर्वांत उष्ण ठिकाणाहून म्हणून फोटो चंद्रपूरच्या ग्रुपवर जातो. तिथे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, पण गुड मॉर्निंगवाले जागे असतातच. मिनिटाच्या आत उत्तर येतं: "काल इथे 29 होतं. तब्येत सांभाळा, थंडी बाधेल."

बाबा फोन खिशात ठेवतात आणि रिसेप्शनवर जाऊन जुलैचं भाडं विचारतात.